नवशोध, विनियोग आणि नियंत्रण : एका कोशकार्यालयाचा दाखला

१ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन मुद्रणालयाचा लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीशी आणि जेम्स मरे या शाळामास्तरांशी एक करार झाला. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला इंग्रजी भाषेचा कोश दहा वर्षांत पुरा व्हावा, तो चार खंडांचा असावा आणि त्याची पृष्ठे सुमारे सात हजार व्हावीत, असे त्यात ठरले होते. कोश पुरा झाला तो १९२८ च्या एप्रिलात. खंड झाले दहा, पृष्ठे झाली पंधरा हजारांहून अधिक; आणि मरे यांना वारून तेव्हा जवळजवळ तेरा वर्षे लोटली होती.

कराराचे माप लावले तर हा सगळा व्यवहार व्यवस्थापनाच्या सपशेल अपयशाचा नमुना ठरतो. मुदत जवळजवळ पाचपट लांबली आणि पृष्ठे दुपटीच्या वर गेली. विद्येचे माप लावले तर मात्र असा दुसरा ग्रंथ दाखविणे कठीण. या दोहोंतले एक माप स्वीकारून दुसरे टाकून देणे सोपे आहे, आणि कोशाच्या चाहत्यांच्या मनात बहुधा तेच झालेले असते : संपादक तो नायक, मुद्रणालयाचा चिटणीस तो खलनायक. प्रश्न याहून अवघड आहे. जे अद्याप सापडलेलेच नाही ते शोधण्यासाठी नेमलेल्या माणसांवर, दुसऱ्याचा पैसा खर्च होत असताना, नियंत्रण ठेवावे तरी कसे? संघटनाशास्त्रात गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. कारखाने आणि व्यापारी कंपन्या यांचीच उदाहरणे त्यात बहुधा येतात. कोशकार्यालयाचे उदाहरण त्यांहून अधिक बोलके आहे. कारण तेथे शोध घेण्याचे काम आणि शोधलेले पदरात पाडून घेण्याचे काम ही दोन्ही एकाच मेजावर, कित्येकदा एकाच माणसाच्या हातून होतात.

प्रथम परिभाषेविषयी. जेम्स जी. मार्च या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संघटनांच्या वर्तनाचे दोन प्रकार केले. एक ‘एक्स्प्लोरेशन’, म्हणजे अज्ञाताचा धांडोळा, प्रयोग, धाडस, वैविध्य. दुसरा ‘एक्स्प्लॉइटेशन’, म्हणजे ज्ञाताचा उपयोग, सुधारणा, कार्यक्षमता, अंमलबजावणी. यांपैकी दुसऱ्या शब्दाचा मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द ‘शोषण’ हा आहे, आणि तो येथे सर्वस्वी दिशाभूल करणारा आहे. शोषण म्हटले की शोषकाविषयी तिरस्कार आलाच; मार्च यांच्या विवेचनात तसा तिरस्कार यत्किंचितही नाही. येथे ‘विनियोग’ हा शब्द योजला आहे. संध्येत मंत्र सांगण्यापूर्वी त्याचा विनियोग सांगतात. म्हणजे जो मंत्र आधीच हाती आहे तो कोणत्या कर्मात लावावयाचा हे सांगतात. हाती असलेले योग्य ठिकाणी लावणे, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. पहिल्या प्रकाराला ‘नवशोध’ म्हणावे.

मार्च यांचा मुख्य सिद्धांत असा की, विनियोगाचे फळ जवळ असते, निश्चित असते आणि लवकर दिसते. नवशोधाचे फळ दूर असते, अनिश्चित असते आणि पुष्कळदा मिळतच नाही. अनुभवातून शिकणारी कोणतीही संस्था साहजिकच ज्यातून फळ दिसते तेच अधिकाधिक करू लागते, आणि अशा रीतीने ती अल्पकाळात निपुण व दीर्घकाळात निरुपयोगी होत जाते. या विचाराची दुसरी बाजू त्यांनी डॅनियल लेव्हिन्थल यांच्या सहकार्याने १९९३ मध्ये मांडली. यश जसे संस्थेला विनियोगात अडकवून ठेवते, तसे अपयशही तिला नवशोधात अडकवून ठेवू शकते : एक प्रयत्न फसला की दुसरा, दुसरा फसला की तिसरा, आणि कोणताच प्रयत्न फळास येईपर्यंत टिकत नाही. या दुसऱ्या बाजूकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. नवशोध म्हणजे सद्‌गुण आणि विनियोग म्हणजे कारकुनी, असा एक सोयीस्कर समज विद्यापीठांत विशेषच आढळतो.

आता ‘नियंत्रण’. इंग्रजी ‘कंट्रोल’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे उपयोगी पडते. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘काँत्रारोतुलुस’ आणि जुन्या फ्रेंचमधील ‘काँत्रेरोल’ यांपासून तो आला आहे. हिशेबाची जी मूळ गुंडाळी असेल तिच्याशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी, असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत या अर्थाच्या अगदी जवळचा शब्द म्हणजे ‘ताळा’. गणित केले की त्याचा ताळा पाहावयाचा. परंतु ताळा पाहण्यासाठी पहिले गणित व्हावे लागते. दुसरी गुंडाळी ठेवावयाची तर पहिली असावी लागते. नवशोधात अडचण येते ती नेमकी येथे. ज्या शब्दाची नोंदच कोणी केलेली नाही त्याचा ताळा कशाशी पाहणार?

रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये व्यवस्थापकीय नियंत्रणाची जी चौकट घातली तीत, संस्थेची उद्दिष्टे साध्य करण्यासाठी साधनसामग्री परिणामकारकपणे व काटकसरीने मिळविली आणि वापरली जाते याची खात्री करून घेणे, हे नियंत्रणाचे कार्य मानलेले आहे. उद्दिष्टे आधी ठरलेली असतात, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. या गृहीताला पुष्कळ पुढे छेद दिला तो रॉबर्ट सायमन्स यांनी. १९९५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नियंत्रणाची चार साधने सांगितली : संस्थेला दिशा देणाऱ्या श्रद्धा, कोणत्या गोष्टी करावयाच्या नाहीत हे सांगणाऱ्या मर्यादा, ठरलेल्या मापाशी प्रत्यक्ष काम ताडून पाहणारे निदानात्मक नियंत्रण, आणि वरिष्ठ स्वतः जातीने भाग घेऊन हाताखालच्यांशी ज्याविषयी सतत चर्चा करतात ते संवादात्मक नियंत्रण. यांतील शेवटच्या दोहोंचा भेद नीट समजून घेतला पाहिजे. तो भेद साधनात नाही, वापरात आहे. तोच अंदाजपत्रकाचा तक्ता कोणी वर्षअखेरीस ‘ठरले ते झाले की नाही’ एवढे पाहण्यासाठी उघडील, तर कोणी दर आठवड्यास ‘हे असे का झाले, आणि आपण जे धरून चाललो होतो तेच चुकले की काय’ हे विचारण्यासाठी उघडील. पहिला निदान करतो, दुसरा संवाद करतो. सायमन्स यांच्या मते चारही साधने एकमेकांना ताण देत एकत्र नांदली, म्हणजेच नवशोध आणि विनियोग यांचा मेळ बसतो.

ही चौकट हाती घेऊन कोशाकडे परत जाता येईल.

कोशाची मूळ प्रेरणा १८५७ ची. त्या वर्षी फिलॉलॉजिकल सोसायटीने जी समिती नेमली तिचे नावच मुळी ‘नोंद न झालेल्या शब्दांची समिती’ असे होते. रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच यांनी त्याच वर्षी उपलब्ध कोशांतील उणिवांवर व्याख्याने दिली, आणि केवळ पुरवणी न काढता संपूर्ण नवा कोशच रचावा असा निर्णय १८५८ च्या आरंभी झाला. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये अवघ्या तिशीत वारले. त्यांनी चिठ्ठ्या ठेवण्यासाठी चोपन्न कप्प्यांची मांडणी करविली होती. त्यांच्यामागून आलेले फ्रेडरिक फर्निव्हल हे अफाट उत्साहाचे गृहस्थ. जुने ग्रंथ छापलेलेच नाहीत तर त्यांतील शब्द वेचणार कसे, म्हणून त्यांनी १८६४ मध्ये प्राचीन इंग्रजी ग्रंथांच्या प्रकाशनासाठी एक मंडळ काढले, १८६८ मध्ये चॉसरच्या अभ्यासासाठी दुसरे. स्वयंसेवक वाचकांना व उपसंपादकांना त्यांनी एकेक अक्षर वाटून दिले. मात्र कोणाकडे काय आहे, किती झाले आहे, कोणी काम सोडले आहे, याचा ताळा कोठेच नव्हता. १८७९ मध्ये मरे यांच्या दारात हा संभार येऊन पडला तेव्हा त्याचे वजन दोन टनांच्या घरात होते. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, दुसऱ्यात उंदरांचे जिवंत कुटुंब. एच अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला सापडल्या. पी अक्षराचा काही भाग आयर्लंडातील एका तबेल्यात निघाला आणि त्यातला बराचसा शेगडी पेटविण्यात खर्ची पडला होता.

मार्च आणि लेव्हिन्थल ज्याला नवशोधाचा सापळा म्हणतात तो हाच. अठरा वर्षे शब्द वेचले गेले आणि कोशाचे एक पानही छापले गेले नाही. तरी फर्निव्हल यांना केवळ दोष देऊन चालणार नाही. त्यांनी छापवून घेतलेल्या ग्रंथांवाचून मरे यांच्या कोशाला जुन्या इंग्रजीचा आधार मिळालाच नसता. नवशोधाचे फळ दुसऱ्याच्या झोळीत पडते ते असे.

मरे यांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे मोजदाद. मिल हिल येथे शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारून तीत एक हजारावर कप्पे बसविण्यात आले. चिठ्ठ्या लावून पाहता जे दिसले ते नियंत्रणाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘अब्यूजन’ या दुर्मिळ, जवळजवळ मृत शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे हाती होती. ‘अब्यूज’ या नित्याच्या शब्दाची पाचसुद्धा नव्हती. वाचकांचा यात दोष नव्हता. जे विलक्षण वाटेल ते टिपा, असेच त्यांना सांगण्यात आले होते. आणि रोजचा शब्द कोणालाच विलक्षण वाटत नाही. म्हणजे नवशोधालाही एक प्रकारचे अदृश्य नियंत्रण असतेच : शोधणाऱ्याला जी सूचना दिली असेल तिच्या बाहेरचे त्याला दिसत नाही. मरे यांनी १८७९ च्या एप्रिलात जे नवे आवाहनपत्र काढले त्यात दुर्मिळ शब्दांबरोबरच सामान्य शब्दांचीही अवतरणे शक्य तितकी पाठवावीत, अशी स्पष्ट विनंती होती. शोधाची व्याप्ती न आखडता त्याची दिशा बदलावयाची, तीही एका छापील पत्रकाच्या जोरावर आणि बिनपगारी माणसांकडून, हे त्यांनी साधलेले काम लहान नव्हे.

पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. त्यात ३५२ पृष्ठे होती आणि मजल ‘अँट’ या शब्दापर्यंत. मुद्रणालयाची अपेक्षा पुढे वर्षाकाठी असे दोन भाग, म्हणजे ७०४ पृष्ठे, अशी राहिली. दुसरा भाग १८८५ च्या अखेरीस आला. येथून मुद्रणालय आणि संपादक यांच्यातील तो दीर्घ कलह सुरू होतो ज्यात सायमन्स यांची चारही साधने एकामागून एक वापरलेली दिसतात; फक्त ती एकत्र क्वचितच आली.

श्रद्धा होती, आणि ती बळकट होती : प्रत्येक शब्दाने आपले चरित्र आपल्याच अवतरणांतून सांगावे. ही श्रद्धा सोसायटीची होती, मरे यांची होती. मुद्रणालयाच्या मंडळापैकी काहींची होती, काहींची नव्हती. मर्यादांच्या बाबतीत पहिली चकमक १८८३ मध्ये झाली. तत्कालीन कुलगुरू बेंजामिन जॉवेट यांनी हस्तलिखित कसे तयार व्हावे याविषयी सूचना काढल्या. वृत्तपत्रांतील अवतरणे शक्यतो टाळावीत, असा एक रोख त्यांत होता. नवा शब्द प्रथम वृत्तपत्रात दिसतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मर्यादेचा परिणाम वेगळा सांगावयास नको. मरे राजीनाम्याच्या गोष्टी बोलू लागले तेव्हा ती मागे पडली.

खरा संघर्ष मात्र मापांचा होता. फिलिप लिटलटन गेल हे १८८४ ते १८९८ या काळात मंडळाचे चिटणीस होते. पृष्ठे किती झाली, याची त्यांची विचारणा अखंड चाले. गेल यांना खलनायक ठरविण्यापूर्वी त्यांची बाजू ऐकली पाहिजे. मुद्रणालयाचा पैसा विद्यापीठाचा होता. एका कोशावर तो असा ओतला जात असताना अन्य विद्वत्‌ग्रंथ अडून राहत होते, आणि काम कधी संपेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. अशा स्थितीत मोजता येईल तेवढे तरी मोजावे, ही इच्छा समंजसच म्हणावी लागेल. शिवाय त्यांच्या काळातील काही उपाय चांगलेच लागू पडले. हेन्‍री ब्रॅडली यांना १८८८ पासून दुसरे स्वतंत्र संपादक केले गेले. पुढे १९०१ मध्ये विल्यम क्रेगी आणि १९१४ मध्ये चार्ल्स अनियन्स यांची भर पडली. १८९५ पासून प्रचंड भागांची वाट न पाहता दर तिमाहीस ६४ पृष्ठांचा खंडक काढण्याची प्रथा पडली. ग्राहकाला नियमाने काही मिळू लागले, संपादकालाही टप्पा लहान झाला. दूर असलेले फळ हप्त्याहप्त्याने जवळ आणण्याची ही युक्ती होती.

पृष्ठसंख्येच्या मापात उघड दोष असा की सर्व शब्द सारखे नसतात. ‘ब्लॅक’ आणि त्याचे सामासिक शब्द यांपायी एका कसलेल्या साहाय्यकाचे तीन महिने गेले. ब्रॅडली यांच्या वाट्याला आलेला ‘सेट’ हा पहिल्या आवृत्तीतील सर्वांत लांब लेख ठरला. म्हणून दुसरे, अधिक चतुर माप पुढे आले. वेबस्टरचा अमेरिकन कोश घ्यावयाचा, त्यातील एका पानाच्या मजकुरास नव्या कोशाची किती पाने लागली ते पाहावयाचे, आणि हे प्रमाण सहापटीच्या वर जाऊ द्यावयाचे नाही. माप म्हणून ही कल्पना खरोखरीच सुरेख आहे. अक्षर कोणते, त्यात शब्द किती, याचा फरक तीत आपोआप वजा होतो. शब्दसंग्रह किती फुगतो आहे ते कोणत्याही टप्प्यावर कळते.

आणि तरीही या मापात एक मूलभूत गफलत आहे, ती केवळ पटीच्या आकड्याची नव्हे. वेबस्टरच्या कोशात जे नोंदलेले आहे त्याच्या पटीत नव्या कोशाचे काम मोजणे, म्हणजे नोंद झालेल्याशी नोंद न झालेल्याचा ताळा पाहणे होय. जो शब्द वेबस्टरमध्ये नाहीच त्याच्या भागाकारात छेदस्थानी शून्य येते. ज्या समितीच्या नावातच ‘नोंद न झालेले शब्द’ होते तिच्या कार्याला हे माप लावले की कोशाचा मूळ हेतू जितका साधेल तितका संपादक अधिक दोषी ठरू लागतो. ब्रॅडली यांचे प्रमाण मरे यांच्याहून फुगले म्हणून त्यांना बोल लागला. परंतु ते का फुगले, अवतरणे अधिक घेतली म्हणून की शब्दच नवे सापडले म्हणून, हे त्या आकड्यातून कळण्याचा मार्ग नव्हता. आकडा निदान करीत होता. रोग कोणता हे सांगत नव्हता.

१८९६ मध्ये ही गोष्ट विकोपास गेली. प्रमाण आवरले नाही तर कोश थांबविण्यात येईल इथपर्यंत बोलणे आले. ती वार्ता वृत्तपत्रांत फुटली, सार्वजनिक निषेध उमटला, आणि मंडळाला सहापटीचा हट्ट सैल करावा लागला. येथे एका तिऱ्हाईताचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. हेन्‍री हक्स गिब्ज हे पेढीवाले, एके काळचे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर. ते कोशाची मुद्रिते वाचत, मरे यांना प्रसंगी पैशाची मदत करीत, आणि पसारा आवरण्याविषयी त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावीतही. ताळेबंद वाचू शकणारा आणि शब्दाची व्युत्पत्तीही वाचू शकणारा असा माणूस दोन्ही पक्षांना हवा होता. गेल पृष्ठे मोजत. गिब्ज पृष्ठे वाचून मग ती लांबली का, हे विचारत. दोहोंच्या हातात कागद तोच होता.

संवादात्मक नियंत्रणाचे दुसरे स्थळ म्हणजे मुद्रितशोधनाचे ते विलक्षण वर्तुळ. वॉल्टर स्कीट यांच्यासारखे प्राध्यापक त्यात होते. आणि फिट्‌झएडवर्ड हॉल होते, ज्यांचे नाव संस्कृताच्या भारतीय अभ्यासकांना परके नाही. हे मूळचे अमेरिकन गृहस्थ काशीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात अध्यापक होते. सुबंधूची ‘वासवदत्ता’ त्यांनी संपादिली. पुढे इंग्लंडातील एका खेड्यात राहून त्यांनी आयुष्याची शेवटची सुमारे वीस वर्षे, १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मोबदला न घेता या कोशाची मुद्रिते तपासण्यात आणि त्यांत जुनी अवतरणे भरण्यात घालविली. मुद्रितात भर घालणे म्हणजे जुळविलेले खिळे मोडणे, आणि खिळे मोडणे म्हणजे खर्च. हॉल यांच्या प्रत्येक मौलिक भरीबरोबर मुद्रणालयाचे बिल वाढत असे. नवशोध हा कामाच्या आरंभीचा टप्पा असतो आणि नंतर विनियोग सुरू होतो, ही कल्पना येथे टिकत नाही. छपाईच्या यंत्राच्या तोंडाशीही शोध चालूच होता.

मग तो थांबवावा कोठे? १८८५ च्या भागात ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द नाही. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला आणि तो शब्द घरोघरी झाला. ‘बाँडमेड’ हा शब्द तर चिठ्ठ्या गहाळ झाल्याने राहिला. पहिली चूक काळाची, दुसरी कारकुनी. पहिली कोणत्याही नियंत्रणाने टळली नसती, दुसरी टाळण्यासाठीच नियंत्रण असते. या दोन चुकांत फरक न करणारी व्यवस्था दोन्हींसाठी सारखीच शिक्षा ठेवते आणि मग माणसे पहिल्या प्रकारची जोखीम घेईनाशी होतात.

हीच गोष्ट अगदी निराळ्या क्षेत्रात पाहावयाची असल्यास ‘थ्री एम’ या अमेरिकन कंपनीचा वृत्तान्त पाहावा. कर्मचाऱ्यांना आपल्या वेळाचा पंधरा टक्के भाग स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची मुभा तेथे १९४८ पासूनची. त्याचबरोबर एक कडक मापही होते : विक्रीचा पाव हिस्सा गेल्या पाच वर्षांत निघालेल्या मालातून आला पाहिजे, पुढे ते चार वर्षांत तीस टक्के असे झाले. मुभा नवशोधाला आणि माप फळाला, अशी ही जोडणी होती. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये सापडलेला न चिकटणारा गोंद बारा वर्षांनी, १९८० मध्ये, चिकटचिठ्ठीच्या रूपाने बाजारात आला. मधल्या काळात त्याला कोणत्याही तिमाही तक्त्यात जागा नव्हती. २००१ मध्ये जेम्स मॅकनर्नी यांनी सूत्रे हाती घेतल्यावर उत्पादनातील दोष घटविण्याची ‘सिक्स सिग्मा’ पद्धती प्रयोगशाळांनाही लागू झाली. २००५ मध्ये ते गेल्यानंतर आलेल्या जॉर्ज बक्ली यांनी संशोधन विभागावरील तिचा अंमल सैल केला. पद्धतीत दोष नव्हता. वारंवार होणाऱ्या कृतीतील विचलन घटविणे हे तिचे काम, आणि प्रयोगशाळेचे काम विचलन निर्माण करणे. मायकेल टुशमन आणि चार्ल्स ओ’रायली यांनी १९९६ मध्ये ‘सव्यसाची संघटना’ म्हणून ज्यांचे वर्णन केले त्यांचे रहस्य हेच सांगितले आहे की, दोन प्रकारची कामे दोन विभागांत ठेवावीत, प्रत्येकास त्याचे माप लावावे आणि त्यांचा सांधा वरिष्ठांनी जुळवावा. जेथे विभाग पाडण्याइतकी माणसेच नाहीत तेथे काय करावे, याचे उत्तर क्रिस्टिना गिब्सन आणि ज्युलियन बर्किन्शॉ यांनी २००४ मध्ये निराळे दिले : वातावरण असे ठेवावे की कोणत्या कामास किती वेळ द्यावा हे ज्याचे त्यास ठरविता येईल. मरे यांच्या पत्र्याच्या खोलीला यांतले दुसरे उत्तरच लागू पडते.

विनियोगाचे फळ मुद्रणालयाला मिळाले ते बृहत्कोशातून नव्हे, त्याच्या लेकरांतून. फाउलर बंधूंनी १९११ मध्ये काढलेला ‘कन्साइझ’ कोश बृहत्कोशाच्या छापून झालेल्या भागांवर उभा होता. न छापलेल्या अक्षरांपुरते मात्र त्यांना बव्हंशी स्वतःच्या बळावर चालावे लागले. दोन खंडांचा ‘शॉर्टर’ कोश १९३३ मध्ये आला. हे कोश शाळाशाळांत पोहोचले. १८९६ च्या कोणत्याही हिशेबात या उत्पन्नाला रकाना नव्हता.

त्याच १९३३ मध्ये पुरवणी निघाली. ‘अपेंडिसायटिस’ व ‘बाँडमेड’ तीत आले, आणि त्यानंतर कार्यालय मोडण्यात आले. साहाय्यक पांगले. चिठ्ठ्यांचा मोठा साठा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाकडे तेथील कोशांसाठी गेला. काम संपले होते, तेव्हा खर्च चालू ठेवण्याचे कारण नव्हते. विनियोगाच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष होता. १९५७ मध्ये रॉबर्ट बर्चफील्ड यांना नवी पुरवणी करण्यास नेमले तेव्हा वाचक गोळा करण्यापासून सर्व पुन्हा उभारावे लागले. एक खंड आणि सात वर्षे असा बेत होता. झाले चार खंड, १९७२ ते १९८६. पंधरवड्यास थोडे थोडे का होईना पण सतत वेचणारे एक लहानसे टेबल चोवीस वर्षे चालू ठेवण्यास किती खर्च आला असता, हा हिशेब कोणी मांडल्याचे दिसत नाही. ज्या कामाचे फळ दिसत नाही ते बंद केल्याचा तोटाही दिसत नाही.

२००० सालापासून या कोशाची तिसरी आवृत्ती संगणकजालावर तिमाही हप्त्यांनी प्रसिद्ध होत आहे. सुधारणेस आरंभ ए पासून न करता एम पासून केला गेला. कारण आरंभीच्या अक्षरांवर काम करताना मरे यांची पद्धती स्थिरावलेली नव्हती. २००८ पासून अक्षरानुक्रमाचा पट्टा आणि वर्णमालेत कोठेही असलेले महत्त्वाचे शब्द, असे आलटून पालटून घेण्यात येऊ लागले. पहिल्यात प्रगती मोजता येते. दुसऱ्यात मोजता येत नाही, पण भाषा जेथे हलत असते तेथे पोहोचता येते.

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील संस्कृत महाकोशाचा प्रपंच याहून वेगळ्या वाटेने गेला. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये त्याचा आरंभ झाला. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निश्चित करून त्यांतील शब्द प्रथम वेचण्यात आले. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये निघाला. म्हणजे आधी नवशोध आणि मग विनियोग, असा कालक्रम येथे पाळला गेला. फर्निव्हल यांच्या काळासारखी अनागोंदी झाली नाही, कारण ग्रंथांची यादी आधीच बांधलेली होती. तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एक कोटी चिठ्ठ्या समोर असलेल्या संपादकाला शब्द शोधावा लागत नाही, अर्थ शोधावा लागतो; एकाच शब्दाच्या शेकडो अवतरणांतून दर्शने, व्याकरण, वैद्यक, ज्योतिष यांतील अर्थच्छटा निवडून त्यांना क्रम लावावा लागतो. येथे नवशोध वाचनकक्षातून उठून लेखनाच्या मेजावर येऊन बसला आहे. वार्षिक अहवालात मात्र अजून मोजण्यासारखी संख्या एकच आहे, ती छापील पृष्ठांची; आणि ‘अ’ या एका अक्षराखाली किती वर्षे गेली हा प्रश्न विचारणाऱ्याला, त्या वर्षांत किती अर्थ प्रथमच वेगळे काढले गेले हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नाही.